उजव्या डोळ्याचे दोन फोटो

६ ऑगस्ट, बुधवार. कॅम्प नव्हता, म्हणून आर्वीच्या ऑफिसात बसून जुन्या फोटोंच्या जोड्या तपासत होते. काम सोपं आणि कंटाळवाणं. डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो, प्रत्येक माणसाचे दोन, एक उजव्या डोळ्याचा आणि एक डाव्याचा. आमच्या मशीनमध्ये नवा प्रोग्रॅम आला आहे, त्याला डावा-उजवा आपोआप कळतो. जुन्याला कळत नव्हता. आम्ही ज्याला डावा म्हणू तो त्याच्यासाठी डावा. म्हणून जुन्या जोड्या एकदा माणसाने स्वतः पाहाव्यात, असा वरून निरोप होता.

बाहेर तीन दिवसांची पावसाची झड लागली होती. भर दुपारी दिवे लावले होते. कॉम्प्युटरच्या पडद्यावर नारिंगी गोल येत होते आणि जात होते. असं तासभर पाहिलं की माणूस ऑफिसात राहत नाही. कुठल्या तरी उंच जागेवरून एकामागून एक उगवणारे चंद्र पाहावेत तसं होतं. मी काही स्वप्नाळू बाई नाही. पण हे काम करणाऱ्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल.

फोटो कसा दिसतो ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. नारिंगी गोल. त्याच्या एका बाजूला फिकट पिवळी चकती, जिथून डोळ्याची नस मेंदूकडे जाते. त्या चकतीतून लाल शिरा फुटून सगळीकडे पसरतात, नकाशातल्या नद्या पसरतात तशा. आणि साधारण मध्यावर एक गडद डाग. तो डाग म्हणजे आपलं वाचन, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं. उजव्या डोळ्याच्या फोटोत चकती उजवीकडे असते, डाव्याच्या फोटोत डावीकडे. एवढं लक्षात ठेवा.

साखरेच्या आजारात या शिरा कच्च्या होतात आणि झिरपू लागतात. फोटोत लाल ठिपके दिसतात, बेसनाचे कण सांडल्यासारखे पिवळे कण दिसतात. दुखत काहीच नाही. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही. म्हणून कुणी दाखवायला येत नाही, आणि येतात तेव्हा उशीर झालेला असतो. त्यात आणखी एक खोड आहे. एक डोळा जायला लागला की दुसरा गुपचूप त्याचं काम अंगावर घेतो. माणसाला पत्ताच लागत नाही.

बावीस वर्षं मी चष्म्याचे नंबर काढले. ‘वरून तिसरी ओळ वाचा’ हे वाक्य मी झोपेतही म्हणते, असं घरचे सांगतात. मग आमच्या संस्थेने हा कॅमेरा आणि त्याच्याबरोबरचं मशीन घेतलं. पडद्याचे डॉक्टर वर्ध्याला, सावंगीला. ते आष्टी तालुक्यातल्या प्रत्येक गावात कुठून पोचणार? म्हणून आम्ही कॅमेरा घेऊन गावात जातो, फोटो काढतो, आणि कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात ती तो फोटो वाचते. दीड-दोन मिनिटांत टॅबवर पट्टी येते. हिरवी म्हणजे काही नाही, वर्षाने या. लाल म्हणजे मोठ्या दवाखान्यात दाखवा. राखाडी म्हणजे फोटो नीट नाही, पुन्हा काढा.

एका गावात निवृत्त गुरुजी आले होते. काठी, टोपी, खिशात दोन पेनं. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी मशीनकडे बोट दाखवून विचारलं, “याचं शिक्षण किती?”

म्हटलं, “गुरुजी, यानं आपल्या जिल्ह्यात मावणार नाहीत इतके डोळे पाह्यले आहेत.”

“पाह्यले का नुसते चाळले? आमच्या शाळेत इन्स्पेक्टरही लय वह्या पाहात होते.”

तेव्हा मी हसले. ते गुरुजी माझ्यापेक्षा शहाणे होते, हे नंतर कळलं.

दुसरं एक जोडपं होतं. नवऱ्याची पट्टी लाल, बायकोची हिरवी. बायको म्हणाली, “मशीनले बराबर माणूस ओयखता येते.” नवरा म्हणाला, “तुह्या डोयात माह्याशिवाय पाह्यलं काय तिनं?” बाहेरची सगळी रांग हसली. पण तो गेला वर्ध्याला, आणि बायकोच त्याला घेऊन गेली.

आणि एक म्हातारबुवा. त्यांना स्वतःचा फोटो फार आवडला. टॅबच्या पडद्यावर बोट फिरवत विचारत होते, “ही नदी कोनती?” मी म्हटलं, “तुमचीच.” त्यांनी प्रिंट मागितली. देवघरात लावायची होती. मी दिली. नियमात बसत नव्हतं, पण दिली.

या कामाला अंधार लागतो. ग्रामपंचायतीच्या खोलीला चादरी लावायच्या, दाराच्या फटीत पोतं कोंबायचं. त्यात माणूस आला की आपोआप हळू बोलतो. बाहेर बाजार भरलेला असला तरी त्याचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा येतो. आणि खोलीच्या बाहेर बाकावर थेंब घातलेली माणसं. बाहुली मोठी व्हायला अर्धा तास लागतो, उजेड सहन होत नाही, म्हणून सगळी डोळे मिटून बसलेली. डोळे मिटलेली माणसं एकमेकांना काय काय सांगतात. शेजारी कोण बसलंय ते दिसत नाही, तिथे भीड कुणाची? जाऊबाईंची भांडणं, हरवलेली माणसं, कुणाला न सांगितलेली दुखणी. मी आत कॅमेरा सरळ करत असते आणि बाहेर ती कुजबुज चालू असते, पंख्याच्या आवाजात मिसळून. कधी कधी वाटतं, सगळं गाव झोपेत बोलत आहे.

तर त्या बुधवारी जोड्या पाहताना एक जोडी आली आणि माझा हात थांबला. दोन्ही फोटोंत चकती उजवीकडे होती. खाली नाव: पंचफुलाबाई. तारीख जानेवारीतली. आष्टीचा बाजाराचा दिवस. तपासणाऱ्याच्या जागी माझी आद्याक्षरं.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, जी कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत. मशीनला दोन्ही डोळ्यांचे फोटो दिल्याशिवाय नाव पूर्ण होत नाही, आणि नाव पूर्ण झाल्याशिवाय पुढचा माणूस घेता येत नाही. डोळ्यात थोडा मोतीबिंदू असेल, बाहुली उघडत नसेल, तर फोटो राखाडी येत राहतो. शेवटी राखाडीच ठेवला तर माणसाला वर्ध्याला पाठवावं लागतं. तिथून कधी कधी निरोप येतो की रिकामी माणसं पाठवू नका. माणूसही चिडतो, दिवस बुडाला म्हणून. अशा वेळी आम्ही काही जण, सगळे नाही, पण काही जण, एक युक्ती करायचो. चांगला आलेला डोळाच पुन्हा काढायचा आणि दुसरा म्हणून भरायचा. मशीन मान्य करायचं. नाव पूर्ण व्हायचं. मशीन खोटं बोलत नव्हतं. मी जे दाखवलं त्याचं त्याने खरंच उत्तर दिलं. दाखवणं खोटं होतं.

फोटो पाहिला आणि तो दिवस आठवला. पंचफुलाबाई अठ्ठावन्नच्या, साखरेचा आजार असलेल्या. आष्टीजवळच्या एका लहान गावातल्या. त्या दिवशी त्या डोळ्यांसाठी आल्याच नव्हत्या, बाजारात ग्रंथ शिवून घ्यायला आल्या होत्या. पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने त्यांच्या गावच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात, आणि वाचायचं काम त्यांचं. वाचून वाचून पानं सुटली होती. बाइंडरने दोन तास लागतील म्हणून सांगितलं, तेवढ्यात गावची आशा सेविका वनिता हिने त्यांना पकडून आमच्या रांगेत आणलं. बाकावर डोळे मिटून बसल्या असताना त्या शेजारणीला सांगत होत्या, ते मी आत ऐकत होते.

“मी लगन झाल्यावर शिकली वाचाले. पोरीच्या पाटीवर. ती अ गिरवे, त मीबी अ गिरवो. ती पुढं गेली कालेजात. मी विहारात राह्यली.”

उजव्या डोळ्याचा फोटो पहिल्याच वेळी आला, आरशासारखा. डाव्याचा पाच वेळा राखाडी. बाहुली नीट उघडेना, पापणी मिटत होती, कडेने काळी सावली येत होती. बाहेर वनिता दर पाच मिनिटांनी दारावर टकटक करत होती, अजून बारा जणी आहेत म्हणून. आमची गाडी चारला निघायची होती.

पंचफुलाबाई म्हणाल्या, “ताई, येक सांगू? मले वर्ध्याले नका धाडू. मांगच्या साली कंबरेसाठी गेलती. दिवसभर बसली, अन् निंघालं काय? काईच नाई.”

मी म्हटलं, “बरं. पुन्हा कपाळ टेकवा. हिरव्या टिंबाकडे पाहा.”

आणि कॅमेरा डाव्या डोळ्याकडे न नेता उजव्याच डोळ्यासमोर ठेवला. थोडी दया होती, बरीच घाई होती. दोन्हींची सांगड घातली की माणसाला आपण चांगलंच काम करतो आहोत असं वाटतं.

हिरवी पट्टी आली. त्या म्हणाल्या, “म्हंजे पास झाली म्हना.”

मी म्हणाले, “झाल्या.”

बुधवारी त्या जोडीखाली दोन बटणं होती, ‘बरोबर’ आणि ‘चूक’. ‘चूक’ दाबलं की नाव फेरतपासणीच्या यादीत जाणार आणि पुढच्या कॅम्पला त्यांना बोलावणं होणार. आष्टीचा पुढचा कॅम्प ऑक्टोबरात होता. म्हणजे जानेवारी ते ऑक्टोबर. तो डोळा इतके महिने कुणीच पाहिलेला नसणार, मीही नाही. अशा जोड्या आणखीही निघाल्या, माझ्या आणि इतरांच्याही, आणि त्या सगळ्यांना नंतर बोलावलं. पण त्या दुपारी माझ्यासमोर हीच एक होती. मी बटण दाबलं आणि वनिताला फोन लावला.

“पंचफुलाबाई कशा आहेत?”

“बऱ्या आहेत. काऊन?”

“वाचन चालू आहे का त्यांचं?”

“हो तं. वर्षावास नाई का सुरू? रोज वाचून राह्यल्या. आवाज त असा, का रोडवर ऐकू जाते.”

“वाचताना काही तरास?”

“नाई, नाई.” मग म्हणाली, “फक्त आता पुस्तक उजव्या अंगाले धरतेत. मान अशी वाकडी. मी म्हटलं, बाई, अशा तिरप्या काऊन बसता? त म्हने, पंख्याचा वारा पानं उडवते.”

मी फोन ठेवला. खिडकीबाहेर डेपोतल्या गाड्या झडीत पुसट झाल्या होत्या, पाण्याखाली उभ्या असल्यासारख्या. संध्याकाळपर्यंत मी उरलेल्या जोड्या पाहिल्या. नारिंगी गोल येत राहिले, प्रत्येकाची चकती कुठे आहे ते पाहत राहिले, आणि प्रत्येक गोलाच्या मध्ये मला ती वाकडी मान दिसत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या गाडीने मी आष्टीला निघाले. कॅमेऱ्याची पेटी मांडीवर घेतली होती, वर टपावर ठेवायची सोय नाही. झड थांबली होती. शेतांवर धुकं बसलं होतं, कपाशीच्या ओळी त्यात जात आणि पुन्हा निघत. मध्येच संत्र्याची एखादी बाग काळी-हिरवी पुढे येई आणि मागे सरे. गाडीत दोन-चारच माणसं, तीही पेंगत होती. कंडक्टरने तिकीट दिलं आणि माझ्याकडे न पाहताच पुढे गेला. त्या सगळ्या प्रवासात मला वाटत होतं की आपण अजून जागे झालेलो नाही. झालो की हे काम करावं लागणार.

आष्टीला वनिता उभी होती. तिच्या स्कूटीवर पेटी मध्ये धरून आम्ही गावात पोचलो. पंचफुलाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मला पाहून ताट खाली ठेवलं.

“व माय. इतक्या सकायी? कोन गेलं?”

“कोणी नाई गेलं. मी तुमच्याचकडे आली.”

“मंग बसा. चाय टाकतो.”

“चहा नंतर. आधी ऐका.” मी उभ्यानेच सांगितलं. बसले असते तर लांबलं असतं. “जानेवारीत मी तुमचा डावा डोळा तपासलाच नव्हता. दोन्ही वेळा उजव्याचाच फोटो काढला. ती हिरवी पट्टी अर्धी होती.”

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. आता मला दिसलं. मान किंचित वळलेली होती, उजवा डोळा पुढे.

“काऊन?”

“डाव्याचा फोटो येत नव्हता. रांग होती. मला गाडी गाठायची होती.”

“अन् म्या म्हटलंतं, वर्ध्याले नका धाडू.”

“तुम्ही म्हटलं. पण केलं मी.”

वनिता दाराच्या चौकटीला हात लावून उभी होती. मी त्यांना ग्रंथ आणायला सांगितला. त्यांनी आतून आणला, निळ्या कापडात बांधलेला. जानेवारीतली शिवण अजून घट्ट होती. गाठ सोडून त्यांनी कालचं पान उघडलं.

“उजवा डोळा तळहाताने झाका. दाबू नका, नुसता झाका. आता वाचा.”

त्यांनी झाकला. पुस्तक जवळ घेतलं, लांब धरलं. पहिले दोन शब्द म्हटले, मला वाटतं ते आठवणीतूनच. मग थांबल्या. दुसऱ्या हाताचं बोट पानाच्या मध्यावर फिरवू लागल्या, हळू हळू, कापडावरून फिरवावं तसं.

“वनिते,” त्या म्हणाल्या, “हे पान भिजलं कधी?”

वनिताने माझ्याकडे पाहिलं.

“सुकंच आहे, बाई,” मी म्हटलं.

“नाई. पानी सांडलं आहे यावर. मधातलं सारं पसरून गेलं.”

“हात काढा.”

त्यांनी हात काढला. दोन्ही डोळ्यांनी पान पाहिलं. कोरडं, सरळ, काळी अक्षरं जागच्या जागी. मग पुन्हा स्वतःच उजवा डोळा झाकला, आणि पुन्हा काढला. असं तीनदा केलं. बाहेर कोंबडा ओरडत होता आणि गल्लीतून दुधाचे कॅन घेऊन कुणी चाललं होतं.

“येवढे दिवस,” त्या म्हणाल्या, “म्या असं झाकून पाह्यलंच नाई.”

“कोणीच पाहत नाही. पाहायचं काम माझं होतं.”

आम्ही स्वयंपाकघराचं दार लावलं, झरोक्याला चादर खोचली. डाव्या डोळ्यात थेंब घातले, पंधरा मिनिटांनी पुन्हा घातले. त्या चुलीजवळ पाटावर डोळे मिटून बसल्या. या वेळी दारावर टकटक करणारं कुणी नव्हतं. पहिले तीन फोटो राखाडी. मी घाई केली नाही. चौथा आला. चकती डावीकडे, जिथे असायला हवी तिथे. आणि मधल्या गडद डागाभोवती पिवळ्या कणांचं कडं, त्यातून विखुरलेले लाल ठिपके. पट्टी यायच्या आधीच मला कळलं होतं. मग ती आली. लाल.

“नापास?” त्यांनी विचारलं.

“हो. आजच वर्ध्याला जायचं. मी सोबत येते.”

“डोया जाईन का?”

“गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. पण इंजेक्शन आहे, लेझर आहे. जे आहे ते बऱ्याचदा टिकतं. लवकर गेलं तर.”

“आता लवकर आहे का उशीर?”

“जानेवारीपेक्षा उशीर. ऑक्टोबरपेक्षा लवकर.”

त्यांनी मान हलवली. मग वनिताकडे वळल्या. “आज संध्याकायी कोन वाचीन?”

“मी वाचते ना.”

“तुह्या वाचनानं झोपतीन सारे,” त्या म्हणाल्या, पण ग्रंथ कापडात बांधून तिच्याच हातात दिला. कुठल्या पानावर आहे तेही सांगितलं.

त्या लुगडं बदलायला आत गेल्या तेव्हा मी चिठ्ठी तयार केली. बरोबरच्या छोट्या प्रिंटरवर मशीनच चिठ्ठी छापतं: नाव, वय, पडद्यावर बदल आढळले, पुढील तपासणीसाठी पाठवत आहोत. खाली दोन बोटं जागा मोकळी असते, तिथे कुणी काही लिहीत नाही. मी पेन काढलं आणि लिहिलं: ‘जानेवारीच्या तपासणीत यांचा डावा डोळा पाहिला गेला नाही. दोन्ही फोटो उजव्या डोळ्याचेच भरले होते. चूक तपासणाऱ्याची.’ खाली सही केली.

पंचफुलाबाई बाहेर आल्या, पिशवी खांद्याला लावलेली. चिठ्ठी मागून घेतली. उजव्या अंगाला धरली आणि वाचू लागल्या, विहारात वाचतात त्याच आवाजात, एकेक शब्द सुटा. छापलेलं वाचलं, मग माझं अक्षर. समोरच्या घरातली सून भांडी घासायची थांबून दारात आली. तिच्यामागे सासू आली. पंचफुलाबाईंनी शेवटपर्यंत वाचलं.

“चूक तपासनाऱ्याची,” त्या म्हणाल्या, आणि बोट सहीवर ठेवलं. “तपासनारा कोन, ते कसं कयीन वर्ध्याच्या डाक्टराइले? सहीवरून त काईच लागत नाई.”

मी चिठ्ठी परत घेतली. ओसरीच्या खांबाला टेकवून सहीखाली माझं नाव लिहिलं, पूर्ण, हुद्द्यासकट, वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात. त्यांनी तेही मोठ्याने वाचलं. मग चिठ्ठीची घडी घालून पोलक्यात ठेवली, आणि आम्ही दोघी साडेनऊच्या गाडीसाठी निघालो.